काळी दोन वाढू की पांढरी चार?

भवानीपूर, कलकत्ता
९ जुलै १९७३

॥ श्री ॥

माझ्या न पाहिलेल्या फौजदारबाईंना कालिंदी साठयेचा मनापासून नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुम्हाला सतरा वर्षं ओळखते. अक्षर लागलं नाही तर रागावू नका. माझं शिक्षण दुसरी यत्ता, तीही सासर ठरल्यावर अर्ध्यात सुटली. नात सुचित्रा म्हणाली, आजी मी लिहू का? तिला म्हटलं, तू बंगाली शाळेतली, तुझं मराठी म्हणजे भातात खडे. मीच लिहिते.

भालूनाना गेले हे मला परवा कळलं. परवा! गेले जानेवारीत आणि मला कळतंय आषाढात. त्याचं असं आहे, आमच्या मंडळात मराठी पेपरांचा गठ्ठा येतो आणि तो घरोघर फिरतो. मी एकेक अक्षर लावत वाचते म्हणून गठ्ठा माझ्याकडे सगळ्यांच्या शेवटी. तोवर त्यातली लग्नं होऊन बारशीसुद्धा झालेली असतात. तर त्यात कोपऱ्यात चार ओळी. ‘प्रसिद्ध एकपात्री कलाकार भालचंद्र रिसबूड यांचे मिरज येथे निधन.’ चार ओळी हो! ज्या माणसानं सगळा हॉल लोळवला त्याला चार ओळी.

ते तीनदा आमच्या घरी उतरले होते. बाहेरगावचा कलाकार आला की मंडळ कुणा ना कुणाच्या घरी सोय करतं, हॉटेल वगैरे भानगड नाही. छपन्न, एकसष्ट आणि सहासष्ट, तीनही गणपतींना मीच मागून घेतलं त्यांना. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे, मडक्यातलं गोड दही बोटानं निपटायचे आणि संध्याकाळचं सगळं मला म्हणून दाखवायचे. म्हणायचे, “वहिनी, तुमच्या हातातली पळी थांबली तर समजायचं वाक्य बरं आहे.” माझी आमटी तीनदा करपलेली आहे त्या पायी. परत गेले की पोचल्याचं कार्ड टाकायचे. त्यावरूनच तुमचा पत्ता मिळाला.

आणि त्यातलं ते नवरा-बायकोचं ‘आमचे फौजदार’! उपरणं खांद्यावरून पदरासारखं घेतलं की नाना संपले, तुम्ही उभ्या. कमरेवर हात, मान तिरकी. मी तर तुम्हाला पाहिल्यासारखंच समजते.

आमच्या खालच्या मजल्यावर मीनाक्षीबौदी राहतात, बौदी म्हणजे इथली वहिनी. त्यांचाही लाडका विनोदवाला गेला, गेल्या दुर्गापूजेच्या आधी. पण त्याची तबकडी आहे. दुपारी ती लावतात आणि मुरमुरे खात दोघी ऐकतो. मला निम्मं कळतं, पण हसायला निम्मी भाषा पुरते. तबकडी संपली की बौदी डोळे पुसतात आणि म्हणतात, “ऐकलंत? अजून आहे तो.” मग माझ्या मनात येतं, आमच्या नानांची तबकडी कुठे आहे? कुणी काढलीच नाही. ते जिवंत आहेत ते माझ्या डोक्यात, आणि माझं डोकं अडुसष्ट वर्षांचं. काल चष्मा शोधला अर्धा तास, तो नाकावर.

म्हणून विनंती. ऑगस्टअखेर गणपती बसतील. तिसऱ्या दिवशी मी मंडळात ‘आमचे फौजदार’ म्हणून दाखवीन म्हणते. मुलगा श्रीकांत म्हणतो, आई, या वयात? तो फोर्ट विल्यमच्या लष्करी हपिसात आहे, त्याला सगळ्याला वरून मंजुरी लागते. मला मंजुरी फक्त तुमची हवी. आणि नानांची ती लाल पुठ्ठ्याची वही असेल, तर तेवढं उतरून पाठवाल का?

जागा संपली, आता कडेनं लिहिते. स्वतःला जपा. मीही सात वर्षं एकटीच आहे, मला कळतं.

तुमची,
कालिंदी


मिरज
२१ जुलै १९७३

सादर नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. यजमान आपल्या घरी उतरत असत, आपण त्यांचं केलंत, त्याबद्दल आभारी आहे.

पुन्हा पत्र लिहिण्याचा प्रसंग आला तर मला त्या नावानं हाक मारू नये. माझं नाव सरोज रिसबूड. मी बावीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. वर्गात शिरले की फळ्यावर खडूनं काढलेली पोलिसाची टोपी असे. मी ती पुसून हजेरी घेत असे. मंडईत भाजीवाली विचारी, “फौजदारीणबाई, आज कुणाला अटक?” लोक सांगत की प्रयोगात ही बाई लाटणं घेऊन नवऱ्याच्या मागे धावते. मुलीला पाहायला आलेली मंडळी पोहे खाता खाता म्हणाली, “फौजदारांची का ही मुलगी?” आणि सगळी हसली. मुलगी ट्रे घेऊन उभी होती. ते स्थळ पुन्हा आलं नाही.

मी त्यांचा एकही प्रयोग पाहिला नाही. जिथे आपलं हसं होतं तिथे पहिल्या रांगेत जाऊन कोण बसेल?

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. घरात फार बोलत नसत. पण जे त्यांच्याबरोबर गेलं ते जाऊ द्यावं. वही तेराव्यानंतर मी बंबात घातली, न उघडता. परवानगी नाही. राग मानू नये.

सरोज रिसबूड


भवानीपूर, कलकत्ता
३० जुलै १९७३

॥ श्री ॥

सरोजबाई,

तुमच्या पत्रानं माझ्या थोबाडीत बसली आणि ती मला हवीच होती.  मी लाडानं लिहिलं हो. इथे आम्हाला कुठे ठाऊक की तिकडे गल्लीत त्याचं काय झालंय! इथे ते नाव म्हणजे मान होता. कुणाची सून हुशार निघाली की आम्ही म्हणायचो, फौजदार आणलीस की गं. तुमची मुलगी ट्रे घेऊन उभी राहिलेली मला दिसते. हात जोडून क्षमा मागते.

मंडळात म्हणणार नाही. श्रीकांतला सांगितलं, मंजुरी आली नाही. तो बिचारा खूश व्हायचा सोडून दोनदा “खरंच?” म्हणाला.

पण बाई, एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाटणं कुठून आलं? तीनदा घरात आणि तीनदा हॉलमध्ये ऐकलं मी. लाटणं नाहीच त्यात! तुम्ही ऐकलं नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनीही धड ऐकलं नसणार. तेव्हा मी आता लिहिते. हे मंडळासाठी नाही, तुमच्या एकटीसाठी. वाचून बंबात घाला, तुमची मर्जी. दोन अंतर्देशीय लागतील, त्यांवर एक-दोन असे नंबर घालते.

नाना उभे राहतात. म्हणतात, “मंडळी, आमच्या घरी मी एक आरोपी आहे आणि एक फौजदार आहेत. गुन्हा असा की फौजदारांनी मला तांदूळ आणायला पाठवलं. हातात पिशवी दिली. वाटेत लिलाव चालला होता. मी तांदूळ विसरलो, पिशवी विसरलो, आणि घरी आलो तो बाजाची पेटी घेऊन. वाजवता येते का? नाही. मग का घेतली? मंडळी, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं हो.”

इथे पहिलं हसू. मग उपरणं खांद्यावर येतं. फौजदार ओरडत नाहीत. पाट मांडतात. रांगोळी काढतात. तांब्या-भांडं ठेवतात. नवऱ्याला म्हणतात, “बसा.” तो बसतो. मग ती पेटी उचलून आणतात, त्याच्या ताटात ठेवतात, पदर खोचतात आणि पेटीच्या पट्ट्यांवर बोट ठेवत अगदी मऊ आवाजात विचारतात, “काळी दोन वाढू की पांढरी चार?”

बाई, काय सांगू! हॉल फुटायचा. बायका तर उभ्या राहून टाळ्या पिटायच्या. याच्या पुढे नाना आणखी एक वाक्य बोलायचे, पण ते तिन्ही वेळा हसण्यात बुडालं. ओठ हललेले दिसायचे, एवढंच. घरी म्हणून दाखवायचे तेव्हा इथवर आले की थांबायचे. म्हणायचे, “पुढचं नाही, वहिनी. पुढचं गर्दीतच बोलतो.” तेव्हा ते एक मला माहीत नाही.

मग नवरा म्हणतो, “चुकलं.” फौजदार म्हणतात, “गुन्हा कबूल केलात, शिक्षा माफ. पण आता वाजवा. पोट नाही तर कान तरी भरू देत.” तो भाता ओढतो, पेटी कण्हते, आणि नाना हात जोडतात. संपलं.

आता तुम्हीच सांगा, यात हसं कुणाचं झालं? त्या मुलखावेगळ्या नवऱ्याचं! ती बाई तर अशी की तिच्या शेजारी राहायला मिळावं.

एक खासगी सांगते. आमचे हे कस्टममध्ये होते, फार कडक माणूस. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांचं हसणं मी तीनदा ऐकलं. छपन्नला, एकसष्टला आणि सहासष्टला. सहासष्टच्याच मार्गशीर्षात ते गेले. म्हणून मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणते. काळी दोनपाशी आले की शेजारच्या खुर्चीतून ते ऐकू येतं. माझा स्वार्थ तो एवढाच.

आता मात्र तुम्हाला त्रास देणार नाही.

कालिंदी


मिरज
८ ऑगस्ट १९७३

कालिंदीबाई,

आपली दोन्ही अंतर्देशीयं मिळाली. दुसरं आधी आलं, त्यामुळे शेवट आधी वाचला. पहिलं यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी पोस्टमनची वाट पाहत दारात उभी होते, हे आपल्याला सांगायला हरकत नाही.

बुडालेलं वाक्य असं आहे: “तूप संपलंय. वर भात्याचा वारा सोडते.”

मला ते माहीत आहे, कारण ते मी बोलले होते. एकेचाळीस सालच्या चैत्रात. पाट, रांगोळी, पदर, सगळं मी केलं होतं. विनोद म्हणून नाही. घरात खरोखर तांदूळ नव्हते, आणि ओरडले असते तर शेजारी कळलं असतं. लग्नाला वर्ष झालं होतं. राग कुठेतरी काढायचा होता, तो मी ताटात वाढला. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. “चुकलं” म्हणाले तेही खरं. “कान तरी भरू देत” हेही माझंच.

माझी बत्तीस वर्षं या समजुतीत गेली की त्यांनी एक कजाग बाई रचली आणि तिला माझा चेहरा दिला. बाई रचलेली नव्हती. वाक्यं जशीच्या तशी माझी आहेत, क्रमसुद्धा बदललेला नाही. हे त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नुसता अबोला धरला, आणि तोही त्यांना बहुधा कामाला आला असेल.

वही मी न उघडता जाळली. आता त्याचं काय करू?

मंडळात म्हणा. माझी हरकत नाही. दोन अटी आहेत. बुडालेलं वाक्य हसण्यात बुडू द्यायचं नाही, लोक थांबेपर्यंत थांबायचं. आणि फौजदार म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी सांगा की हे मिरजेच्या सरोज रिसबूड बोलल्या आणि भालचंद्र रिसबुडांनी ते लोकांपर्यंत नेलं.

लोक कुठे हसले, किती हसले, ते सविस्तर कळवा. मी ते कधी ऐकलेलं नाही.

सरोज


भवानीपूर, कलकत्ता
६ सप्टेंबर १९७३

॥ श्री ॥

माझ्या सरोजबाई,

झालं! उभी राहिले आणि झालं! आता पहिल्यापासून सांगते, मध्ये घाई करू नका.

रविवारी संध्याकाळी आरती झाली. माझ्या आधी तीन पोरींचा नाच आणि बँकेतल्या साहेबांचं गाणं. साहेब थांबेनात. श्रीकांत सकाळी सियालदहच्या बाजारातून नारळांचं पोतं घेऊन आला होता, तो त्या पोत्यावर बसून घाम पुसत होता, जसं काही त्यालाच बोलायचंय. माझं नाव पुकारलं आणि दिवे गेले. हे इथे रोजचंच आहे, पण आजच जायचे होते! माइक बंद, पंखे बंद. मंडळाचे चिटणीस चारुदत्त प्रधान म्हणाले, “काकू, वीज आल्यावर करू.” मी म्हटलं, “प्रधान, वीज तुम्हाला वाट बघायला लावते, गणपती मला लावत नाही.” दोन कंदील आणले. मी खुर्चीवरून उठले.

आधी तुमचं नाव सांगितलं, मोठ्यानं, जसं लिहिलंत तसं. मागून कुणीतरी विचारलं, “म्हणजे खरी आहे बाई?” मी म्हटलं, “तुझ्यापेक्षा खरी आहे.” तिथेच पहिलं हसू पडलं, ते तुमच्या हिशेबात धरू नका, ते माझं.

“कोणी बघत नव्हतं हो” याला पुरुष हसले, बायका नाही. पाटापाशी सगळे शांत. रांगोळीला एक बाई “अगं बाई” म्हणाली. पेटी ताटात ठेवली आणि, सरोजबाई, मी विसरले. कोरी पाटी. ज्या वाक्यासाठी सतरा वर्षं जगले तेच गेलं. नुसती वाकून उभी, हात पेटीवर धरल्यासारखे. लोकांना वाटलं ही युक्ती आहे. ते आधीच खुसखुसायला लागले. मी आपली देवाला आठवतेय. मग तुमचं पत्र आठवलं, कमरेला खोचलेलं होतं. ते काढलं, कंदिलाशी धरलं, आणि तुम्हाला माहीतच आहे मी कशी वाचते, एकेक अक्षर लावत. पण पत्रात तर पुढचं वाक्य, बुडालेलं! तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुचित्राचा आवाज, तिच्या त्या बंगाली मराठीत, “आजी, काळी दोन वाढू की पांढरी चार!” तिनं कधी पाठ केलं देव जाणे. मी तेच मऊ आवाजात म्हटलं.

किती हसले विचारता? प्रधानांचा चष्मा पडला. श्रीकांत पोत्यावरून घसरला. श्रीकांत हसला हो, आणि हसला तो थेट बापासारखा, नाकातून आधी आणि मग पोटातून. मी थांबले. तुम्ही सांगितलंत तशी थांबले. पार सगळं निवेपर्यंत. मग पत्रातून वाचलं, “तू-प-सं-प-लं-य. व-र-भा-त्या-चा-वा-रा-सो-ड-ते.” पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं ते वाक्य, बाई. याला कोणी एकदम हसलं नाही.  मग बायकांच्या बाजूनं सुरू झालं, हळूहळू, आणि शेवटपर्यंत बायकाच हसत राहिल्या. दोघीतिघी डोळे पुसत होत्या, मीनाक्षीबौदी त्यात. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

संपल्यावर नुकती बदलीवर आलेली एक मुलगी, प्रेमलता नाव, माझ्याजवळ आली. तिनं विचारलं, “आजी, पण मग त्या दिवशी ती दोघं जेवली काय?”  नानांनी ते कधी सांगितलंच नाही. तेव्हा तेवढं कळवा.

आणि वहीचं मनाला लावून घेऊ नका. नानांची आणखी दोन माझ्या डोक्यात आहेत, ‘आमचे फौजदार आजारी’ आणि ‘फौजदार माहेरी’. मी सांगते आणि सुचित्रा लिहून घेते. फक्त तिला मराठी लिहिण्यापेक्षा बंगाली अक्षरं सोपी जातात, म्हणून मराठीच, पण बंगाली अक्षरांत लिहितेय. पाठवू का?

तुमची,
कालिंदी


मिरज
१५ सप्टेंबर १९७३

प्रिय कालिंदीबाई,

आपलं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती सोलापूरहून मुलांना घेऊन आली आहे. श्रीकांत घसरला तिथे ती हसली आणि मग एकदम म्हणाली, “आई, हे बाबांचं तू कधी सांगितलं नाहीस.” मी म्हटलं, बाबांचं नाही. माझं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला फार जड गेलं, पण पडलं.

सुचित्राची वही जरूर पाठवा. इथल्या इस्पितळात एक बंगाली नर्स आहे. तिला मराठी येत नाही, मला बंगाली येत नाही. ती वाचेल, मी ऐकेन. दोघींत मिळून एक वाचक होईल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. प्रेमलताला सांगा, जेवलो. खिचडी.

ते पेटी वाजवून थकले आणि उठले. पेटी उचलली आणि बाहेर गेले. मला वाटलं परत करायला गेले. दिवेलागणीला आले ते एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात द्रोणांवर द्रोण झाकलेली गरम खिचडी. दत्ताच्या देवळात उत्सव होता, तिथून आणली म्हणाले. माझा राग अजून ताटाभोवती होता. मी विचारलं, “एवढी कशी दिली?” ते म्हणाले, “लोक हसले. खूप हसले.” मी म्हटलं, “हसणारच. तुम्ही पेटी वाजवलीत तर कोण हसणार नाही?”

त्यावर ते म्हणाले, “पेटी उघडलीच नाही.”

मला वाटलं, लाज वाटली असेल. म्हणून पुढे काही विचारलं नाही. खिचडी वाढली, दोघं एका ताटात जेवलो. ते मध्येच जेवायचे थांबून माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलेन म्हणून.

आपली,
सरोज